हॅलोताईंचा कर्नेल

हॅलोताई घाबरट होत्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर आंधळ्या बाईची गोष्ट म्हटली की लोक लगेच तिच्या धैर्याचे गोडवे गायला बसतात. धैर्य-बिर्य काही नव्हतं हो! कुकरच्या शिट्टीला दचकायच्या. लिफ्टमध्ये जीव मुठीत धरून उभ्या राहायच्या. दारावर अनोळखी टकटक झाली की आधी वहिनीला पुढे करायच्या. अंधाराची मात्र त्यांना भीती नव्हती. लहानपणी तापात डोळे गेले, तेव्हापासून अंधार घरचाच होता. पण फोनवर बोलणारा माणूस मध्येच गप्प झाला की त्यांच्या पोटात गोळा यायचा.

आणि नेमकं कामच फोनचं. एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर त्या ऐन विशीत लागल्या त्या तिथेच राहिल्या. बाहेरून येणारा प्रत्येक फोन आधी त्यांच्याकडे यायचा आणि त्या तो जिथल्या तिथे जोडून द्यायच्या. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर होतं. बाकी वॉर्डबॉयपासून सर्जनपर्यंत सगळ्यांना त्या हॅलोताई.

त्यांच्या उजव्या हाताशी एक लोखंडी डबी असायची. जेवणाच्या डब्याएवढी, वर आवाज कमीजास्त करायचं बटण, मागून एक जाड तार कॉम्प्युटरात गेलेली. पडद्यावर जे उमटेल ते ही डबी मोठ्याने वाचून दाखवायची: कुठल्या लाइनवर फोन आलाय, कुठल्या वॉर्डात कोण ड्युटीवर आहे, कोणता नंबर लागतोय. आवाज पुरुषाचा, तोही सर्दी झालेल्या परक्या पुरुषाचा. डॉक्टरांची नावं अशी काही उच्चारायची की त्यांच्या आयांनीसुद्धा ओळखली नसती. पण मशीनचं बटण दाबल्याबरोबर बोलायला लागायची आणि कधी अडखळायची नाही. वहिनीने तिचं नाव जावईबापू ठेवलं होतं. "वन्संनी लग्न नाही केलं, पण जावई मिळाला बघा कसा गुणाचा! दिवसभर बोलतो आणि जेवायला काही मागत नाही."

वहिनी म्हणजे ताईंच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जहाजावर नोकरीला, वर्षातून एकदा घरी टेकणार. त्यामुळे घरात या दोघीच. एक घाबरट आणि एक तोंडाळ.

तर झालं असं की हॉस्पिटलने सगळे कॉम्प्युटर बदलले. बोर्डावरही नवं मशीन आलं. सिस्टीमवाला, म्हणजे हॉस्पिटलचे सगळे कॉम्प्युटर सांभाळणारा तरुण, ताईंना म्हणाला, "ताई, डबी आता ठेवून द्या. याच्या आतच बोलायची सोय आहे. हेडफोन लावा की झालं."

नवा आवाज बाईचा होता, गोड होता. पण गोड माणसाचं असतं तसंच त्याचंही होतं; ऐन वेळेला कुठे जाईल नेम नाही. मशीनवर जरा काम वाढलं की सगळ्यात आधी तोच गप्प व्हायचा. त्याच आठवड्यात ॲम्ब्युलन्समधून फोन आला. ड्रायव्हर ओरडत होता, पोरगी श्वास घेत नाहीये, इमर्जन्सी द्या, इमर्जन्सी द्या. ताईंनी यादी खाली सरकवली. आवाज अडकला, मधल्या ओळी गिळून पुढे गेला, आणि ताईंनी जोडलेला फोन उचलला स्वयंपाकघराने. तिथला माणूस म्हणाला, "जेवण संपलं, आता संध्याकाळी."

ड्रायव्हरने शिव्या हासडत पुन्हा फोन केला. पोरगी वाचली. पण ताई त्या दिवशी घरी आल्या त्या तशाच चपला न काढता खुर्चीत बसल्या. मग एकदम म्हणाल्या, "वहिनी, ती मेली असती तर?"

हॉस्पिटलच्या मोठ्या मॅडमनी दुसऱ्याच दिवशी बोलावून घेतलं. बाई वाईट नव्हत्या. मूळच्या नर्स, चढत चढत त्या खुर्चीवर पोचलेल्या. "ताई, दोष तुमचा नाही हे मला कळतं," त्या म्हणाल्या. "पण मी जोखीम नाही घेणार. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी नव्या मशीनवर तुमची चाचणी घेऊ. जमलं तर बोर्ड तुमचं. नाही जमलं तर चादरींच्या खोलीत बसा. घड्या घालायच्या, कुणाचा त्रास नाही. पगार तोच."

आता एवढी घाबरट बाई, तिने खरं तर सुटले म्हणायला हवं होतं. चादरीची घडी चुकली तर कोण मरतंय! पण ताईंच्या पायाखालची जमीनच सरकली. रस्ता ओलांडायला कुणाचा तरी हात, बँकेत कुणाचा तरी हात, दवाखान्यात स्वतःला दाखवायचं तरी कुणाचा तरी हात. एका त्या बोर्डावरच लोक त्यांचा आवाज धरून पुढे जायचे. ते गेलं तर आपण उरलो कुणाच्या उपयोगाला, असं त्यांना वाटलं, आणि जिन्यात कठडा धरून त्या कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

मग त्यांनी सिस्टीमवाल्याला गाठलं. "डबी नव्या मशीनला का चालत नाही?"

त्याने समजावून सांगितलं, नीट सांगितलं. मशीनच्या आत एक कर्नेल असतो. तो म्हणजे घरचा कारभारी. कीबोर्ड, डिस्क, पडदा, मागच्या तारा, सगळ्यांशी बोलणारा तोच. नव्या मशीनच्या कारभाऱ्याला या जुन्या डबीची ओळखच दिलेली नाही. "ओळख द्यायची तर त्याच्या मूळ मजकुरात ती जागा चालू करून अख्खा कर्नेल नव्याने कंपाइल करावा लागेल. म्हणजे घडवावा लागेल. ताई, मला खरंच तेवढा वेळ नाही. ज्याचा त्याने करायचा म्हटलं तर करता येतो म्हणा." हे त्याने अशा सुरात सांगितलं की जणू चंद्रावर जाता येतं म्हणा.

"कसा करतात?" ताईंनी विचारलं. आणि विचारल्याबरोबर त्यांना आपल्याच तोंडाचा राग आला. हे विकतचं दुखणं कुणी सांगितलं होतं!

सिस्टीमवाला हसला, मग हसायचा थांबला. त्याच्याकडे त्याच कंपनीचं एक जादा मशीन पडून होतं. "हे घरी न्या. याचं वाट्टेल ते करा. इथल्या मशीनला हात लावायचा नाही. घरी डबी बोलली तर तुमचा कर्नेल मी स्वतः बोर्डावर चढवतो. आणि एक लक्षात ठेवा, जुना कर्नेल पुसायचा नाही. सुरू होताना यादी येते, त्यात खाली जाऊन जुना निवडता येतो."

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर मशीन मांडलं. मागे डबीची तार खोचली. हेडफोनमध्ये तो नवा गोड आवाज, म्हणजे दोघींच्या भाषेत गोडबाई, सूचना वाचत होत्या आणि ताई त्याबरहुकूम एकेक आज्ञा टाइप करत होत्या. कर्नेल घडवायचा तर आधी त्याला काय काय यायला हवं ते ठरवावं लागतं, आणि ते ठरवायची एक पद्धत अशी की मशीन एकेक प्रश्न विचारतं आणि आपण हो किंवा नाही म्हणायचं. डोळस लोक म्हणे ही पद्धत वापरत नाहीत, पण ताईंना तीच सोयीची वाटली. एका वेळी एक प्रश्न, फोनवर असतो तसा.

पण प्रश्न किती! या जातीची डिस्क आहे का, त्या जातीची आहे का, रेडिओ आहे का, खेळायचा दांडा आहे का. संपेचनात. वहिनी डाळ निवडत ऐकत होती. "अहो, माझं लग्न जमलं तेव्हा तुमच्या घरच्यांनी एवढी चौकशी केली नव्हती."

"गप गं. एखादं उत्तर चुकलं तर मशीन मरेल."

ताईंनी एक रीत ठरवली. समजत नाही तिथे मशीन जे सुचवेल तेच. जे आपल्याकडे नाही त्याला नाही. आणि मग आले पडद्याचे प्रश्न. पडद्यावर अक्षरं दाखवायची का? पडद्याचं अमुक हवं का, तमुक हवं का? ताईंना त्या दिवसात पहिल्यांदा हायसं वाटलं. निदान एवढं तर आपल्याला खात्रीने माहीत आहे! पडदा काय करायचाय आपल्याला? त्यांनी नाही म्हटलं, पुढच्यालाही नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. तेवढंच ओझं कमी, सुंठीवाचून खोकला गेला.

त्यानंतर त्या डबीच्या प्रश्नाची वाट बघत बसल्या. सूचनांमध्ये लिहिलं होतं की बोलणाऱ्या यंत्रांचा प्रश्न बराच पुढे येतो. दुपार झाली. वहिनीने ताट समोर आणून ठेवलं ते निवलं. प्रश्न येत गेले आणि डबीचा काही आला नाही. आणि मग मशीन म्हणालं, संपलं.

ताईंनी हेडफोन कानावरून काढला. "वहिनी, मला ऐकू आलं नाही का गं? मधे तू काहीतरी बोललीस का?"

"मी? मी तर श्वाससुद्धा जपून घेत होते!"

मधेच कधीतरी ऐकण्यात चूक झाली असेल, मशीनने आपलं आपण हो धरलं असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पुन्हा पहिल्यापासून ते सगळं ऐकायची हिंमत नव्हती. त्यांनी घडवायची आज्ञा दिली. मशीनचा पंखा घुमायला लागला तो थांबेचना. ताई पाच मिनिटं बसायच्या आणि उठून मशीनच्या पाठीवर तळवा ठेवून बघायच्या. तापलंय, केवढं तापलंय. आग तर नाही ना लागणार? वहिनीने पडदे बाजूला केले, खिडक्या उघडल्या आणि एक बादलीभर पाणी आणून ठेवलं.

"वीज आहे ती! पाणी कसलं आणतेस!" ताई किंचाळल्या. बादली परत गेली.

संध्याकाळच्या सुमाराला पंखा थांबला. नवा कर्नेल जागेवर बसला. सुरुवातीच्या ओळीत डबीचं नाव लिहून ठेवलं, म्हणजे कुणी बोलायचं ते त्याला कळावं. ताईंनी मशीन बंद केलं, डबीचं बटण पूर्ण वर फिरवलं आणि मशीन चालू केलं.

काही नाही.

डिस्कचा बारीक खरखराट येत होता. म्हणजे आत काहीतरी चाललं होतं. डबी गप्प. हेडफोन गप्प. ताईंनी कीबोर्डवर बोटं आपटली. काही नाही.

"वहिनी, काय दिसतंय?"

"काही नाही दिसत."

"नीट बघ ना!"

"अहो, नीटच बघतेय. काळं आहे. सगळं काळं. एक ठिपका नाही." वहिनीच्या आवाजातली थट्टा पार गेली होती. तिने पडद्यावर हात फिरवला, मागे वाकून बघितलं, पुन्हा समोर आली. "वन्सं, मला भीती वाटतेय हो. मलापण काहीच कळत नाहीये."

आयुष्यात पहिल्यांदा दोघी एकाच अंधारात होत्या. ताईंना यात बरं वाटण्यासारखं काही सापडलं नाही. त्यांना समोर चादरींची खोली दिसत होती. साबणाचा वास, इस्त्रीची वाफ आणि आपण कोपऱ्यात बसून घड्या घालतोय. त्या तोंड झाकून रडायला लागल्या, अगदी लहान पोरीसारख्या. "मी मारलं त्याला. दुसऱ्याचं मशीन मी मारलं."

वहिनीला रडणाऱ्या माणसाचं सांत्वन करता यायचं नाही, ती चिडायची. "मारलं काय, मारलं काय? तुम्ही उगीच जावयाला बोल लावताय. पडद्यावर एक अक्षर नाही. वाचायला काही नसेल तर तो बिचारा वाचणार काय, कपाळ?"

ताई रडायच्या थांबल्या.

"काय म्हणालीस?"

"मी काही वाईट नाही म्हणाले..."

"नाही, नाही, पुन्हा म्हण."

डबी काय वाचते? पडद्यावरचं वाचते. पडद्यावर अक्षरं उमटवायची सोयच ताईंनी काढून टाकली होती, आपल्याला दिसत नाही म्हणून. मग बोलणाऱ्या यंत्राचा प्रश्न मशीन विचारणार तरी कशाला? वाचायलाच काही नाही म्हटल्यावर वाचणारा हवा की नको हे कोण विचारतं! डोळस माणूस बाकी हजार चुका करेल, पण ही त्याच्या हातून व्हायची नाही. इतकी वर्षं ताई पडद्याच्या जिवावर जगत होत्या आणि पडदा आपला नाहीच असं धरून चालल्या होत्या.

मशीन बंद करून पुन्हा चालू केलं तेव्हा कर्नेल उठायच्या आधीची ती यादी क्षणभर पडद्यावर आली; वहिनीने बोट ठेवून एकेक अक्षर लावत ती वाचली, ताईंनी जुना कर्नेल निवडला आणि गोडबाई परत बोलायला लागल्या. मग पुढच्या रविवारी पुन्हा सगळे प्रश्न. पडद्याला हो. हो. हो. आणि दुपारी, वहिनी डुलक्या घेत असताना, गोडबाईंनी तो प्रश्न वाचला. बोलणारं यंत्र हवं का? बोट चुकीच्या बटणावर पडेल या भीतीने ताईंनी आधी दुसऱ्या हाताने ते बोट धरलं, आणि मग दाबलं.

त्या संध्याकाळी मशीन चालू केल्याबरोबर सर्दी झालेला परका पुरुष घरभर ओरडायला लागला. डबीचं बटण पूर्ण वर होतं ना! वहिनी खुर्चीवरून उठून उभी राहिली. "उठले हो जावईबापू!"

ताई हसल्या आणि डबीचं बटण खाली फिरवलं. दुसऱ्याच दिवशी चाचणीचा सोमवार होता.

सोमवारी बोर्डाच्या खोलीत मोठ्या मॅडम, सिस्टीमवाला आणि ताई. तोवर फोन घ्यायला दुसऱ्या बाईंना जुन्या फोनवर बसवलं होतं. सिस्टीमवाल्याने ताईंचा कर्नेल चढवला, डबी लावली, म्हणाला, "करा सुरू."

डबी पहिल्या ओळीपासून बोलायला लागली. भराभर बोलत होती. ताईंचे खांदे जरा खाली आले, आणि तेवढ्यात तिचा सूर पडला. एक ओळ वाचली, थांबली. पुन्हा तीच ओळ. मग आणखी एक, आणि बस्स.

"काय म्हणतंय ते?" मॅडमनी विचारलं.

एक क्षण खोटं बोलावं असं ताईंच्या मनात आलं. मॅडमना त्या परक्या उच्चारातलं कुठे काही कळत होतं!

"डिस्क सापडत नाही म्हणतंय. वाट बघून थकलं."

"म्हणजे बंद पडलं."

"हो, मॅडम. बंद पडलं." ताई म्हणाल्या. "माझ्यामुळे पडलं. या मशीनमध्ये वेगळ्या जातीची डिस्क असणार. मला तो प्रश्न आला होता. माझ्या घरच्या मशीनमध्ये नाही म्हणून मी नाही म्हटलं."

सिस्टीमवाल्याने वाकून बघितलं. "बरोबर आहे. मीच तपासून द्यायला हवं होतं, दोन्ही मशीन सारखीच धरून चाललो."

ताईंना मॅडमच्या पेनाचं टोपण उघडझाप केल्याचा आवाज तेवढा येत होता. झालं, संपलं, असं म्हणत त्या मनातल्या मनात सामान आवरायला लागल्या.

"त्या दिवशी," मॅडम म्हणाल्या, "ॲम्ब्युलन्सच्या वेळी. तो आवाज अडकला तेव्हा त्याने काय सांगितलं होतं?"

"काही नाही. गप्पच झाला होता."

"आणि हे पडताना सांगून पडलं."

"हो."

टोपण पुन्हा वाजलं. "वॉर्डात असताना मला ओरडणाऱ्या पेशंटची कधी काळजी नाही वाटली. जो गप्प पडायचा त्याच्याकडे मी धावायचे." त्या उठल्या. "जेवणाच्या सुट्टीनंतर येते. तोवर काय करायचं ते करा."

मशीन यादीतल्या जुन्या कर्नेलवर उठवलं. एकाच प्रश्नाचं उत्तर बदलायचं होतं, म्हणून या खेपेला घडायला फार वेळ लागला नाही. ताईंना मात्र तो संपता संपेना. सिस्टीमवाल्याने आणलेला चहा त्यांनी हातात धरूनच गार केला. मॅडम परत आल्या तेव्हा डबी सगळ्या ओळी वाचून, बोर्डाची यादी उघडून, आपल्या सर्दीच्या आवाजात लाइन मोकळ्या असल्याचं सांगत होती. मॅडमनी स्वतःच्या खोलीतून, मग गेटवरून, मग ऑपरेशन थिएटरमधून फोन करून पाहिले. सगळे लागले.

"ठीक," त्या परत येऊन म्हणाल्या. "बोर्ड तुमचं. पण ताई, एक स्पष्ट बोलते. आजवर काही बिघडलं की मी सिस्टीमवाल्याला धरत होते. आता हे तुम्ही घडवलंय. उद्या यात काही झालं तर मी त्याला नाही विचारणार."

ताईंना हे सुचलंच नव्हतं. एवढे दिवस बोर्ड जाईल म्हणून घाबरत होत्या; ते मिळाल्यावर घाबरायचं कसं हे कुठे ठाऊक होतं! गोडबाई चुकली तेव्हा म्हणायला गोडबाई तरी होती. आता कुणाचं नाव घेणार?

"मलाच विचारा," त्या म्हणाल्या.

मॅडम गेल्या. सिस्टीमवाला तारा गुंडाळून गेला. जुन्या फोनवरच्या बाईंनी लाइन इकडे सोडल्या, पर्स उचलली आणि दार ओढून घेतलं. खोलीत ताई एकट्या राहिल्या. थोड्या वेळाने डबीने सांगितलं, बाहेरची लाइन, ॲम्ब्युलन्स.

अजूनही उठता येईल, असं ताईंच्या मनात आलं. चादरींची खोली याच मजल्यावर आहे, भिंतीला हात लावत जाता येईल, कुणाला विचारायचीही गरज नाही. त्यांनी घामेजलेला हात मांडीवर पुसला आणि लाइन घेतली.